उघाडी

कान्हूनं उघाडी उघडली तेव्हा भरती पुरी चढली होती. खाडीचं पाणी बांधाच्या डोक्याला टेकलं होतं, दोन ठिकाणी बांध फुटून खांड पडायला आली होती, आणि अशा वेळी गावात ज्याला कुणी बोट लावणार नाही ते बांधातलं लाकडी दार त्यानं अंगठ्याच्या एका दाबानं वर उचललं. पाणी आत घुसलं. भाताचे हिरवे चौकोन एकेक करून निळे झाले, घमेलं घेतलेली बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, मग टीव्हीचा सगळा पडदा काळा झाला आणि मधोमध पांढरी अक्षरं आली : हरलात. रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या त्या बारक्या खोलीत, फेब्रुवारीच्या भर दुपारी, सगळेच हसले. क्लासचे मालक हैबतराव तर खुर्चीला धरून हसले. म्हणाले, "अहो कान्हूशेठ, गावच बुडवलात की तुम्ही! जन्म गेला खाडीवर आणि भरतीला उघाडी उघडता?" कान्हूनं हातातलं बटणांचं खेळणं उलटंसुलटं करून पाहिलं. मिठानं चिरलेले त्याचे अंगठे त्या गुळगुळीत काळ्या प्लास्टिकवर शेतात आलेल्या खेकड्यासारखे परके दिसत होते. "बुडला कंचा?" तो म्हणाला. "भरला. पानी आलं ना आत?" आणि मग लेकीकडे वळून, अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं, "नमे, हरलो कसा गो मी?"

गेल्या दीड वर्षात स्वतः केलेल्या या खेळाबद्दल नम्रताला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. याचा उपयोग काय, हे विकता येतं काय, बायकांचं काम आहे काय हे, लग्नाचं वय उलटून चाललं त्याचं काय. प्रत्येकाला तिच्याकडे जबाब होता, आणि तो देताना तिची हनुवटी आपोआप वर व्हायची. पण बापाच्या प्रश्नानं हनुवटी खाली आली. ती टीव्हीमागची वायर नीट करायच्या निमित्तानं वाकली आणि तशीच वाकून राहिली. डोळ्यांसमोर ती चार अक्षरं होती. यंत्रात फक्त इंग्रजी अक्षरं, म्हणून ती तिनं स्वतः आखली होती, चौकटीच्या वहीत एकेक ठिपका भरून. ह-च्या पोटाची गोलाई जमेना म्हणून तीन दिवस गेले होते. पूर्ण झाली तेव्हा तिनं अफिफाला हाक मारून दाखवली होती. सगळ्या खेळात तिला सर्वांत सुबक वाटायचं ते तेवढंच, बापाच्या तोंडावर मारलेलं ते हरलात.

कान्हू आला होता खरा रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात, बहिणीकडे, हौसाला सुकटीची पिशवी द्यायला. वाटेत लेकीची नोकरी बघून जावी म्हणून क्लासात डोकावला. हैबतरावांनीच त्याला टीव्हीपुढे बसवला. पोरीनं काय केलंय ते बघा तरी, म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, खालिद येणार होता, आणि त्याच्याबरोबर हा खेळ सातासमुद्रापार, तिथल्या हौशी लोकांना दाखवायला, जाणार होता. खालिद म्हणजे अफिफाचा भाऊ, जहाजावर असतो. दीड वर्षामागं कुठल्याशा विलायती बंदरातून त्यानं हे टीव्हीला जोडून खेळायचं काळं यंत्र आणलं. दुकानात मिळतं ते करड्या रंगाचं, त्याच्यावर दुसऱ्यांनी केलेले खेळ खेळायचे. हे काळं, घरबसल्या खेळ करायला शिकणाऱ्या हौशी लोकांसाठी टपालानं मिळणारं. सोबत दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि कॉम्प्युटरला जोडायची एक वायर. खालिदनं दोन दिवस पुस्तक चाळलं, म्हणाला, "आपल्या डोक्याबाहेरचं काम हाय," आणि बहिणीच्या हवाली करून बोटीवर गेला. अफिफानं ते क्लासात आणलं, कारण टीव्ही आणि कॉम्प्युटर एका जागी तिथंच. तीही नम्रतासारखीच तिथं शिकवायची. पण पुस्तकातलं पहिलं पान तिनं वाचलं आणि दुसरं नम्रतानं. तिथून पुढची सगळी नम्रतानंच.

परतीच्या एसटीत बापलेक शेजारी बसली. भिसे खिंडीत गाडी कण्हत चढू लागली, धाटावच्या कारखान्यांचा तो सडक्या लसणासारखा वास मागं पडला, आणि कान्हू खिडकीला डोकं टेकून झोपी गेला. नम्रता त्याचे हात बघत राहिली. तिला तिचा पहिला ठिपका आठवला. पेणला ती शिकली तो क्लास गणपतींच्या कारखान्यावर, माळ्यावर होता. खालून प्लास्टरची पांढरी धूळ वर यायची, कीबोर्डच्या फटींत बसायची. संध्याकाळी पोरं घरी जाताना सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असायच्या. तिथं तिला हे कळलं होतं की यंत्राला मन नसतं, त्याला सगळं सांगावं लागतं. आणि तरी रोह्यात, काळ्या यंत्राशी तीन आठवडे झगडून जेव्हा टीव्हीवर पहिला निळा चौकोन उमटला आणि तिनं बटण दाबल्यावर बोटभर डावीकडे सरकला, तेव्हा तिच्या छातीत जे झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. एक निळा चौकोन. तिच्या शब्दानं हललेला. त्या दिवशी ती एसटीत उभ्यानं आली होती आणि तरी सबंध वाट कुणीतरी पंख्यानं वारा घालतंय असं तिला वाटत होतं. मग चौकोनाचं पाणी झालं. पाण्याला भरती-ओहोटी दिली, तीही घड्याळाची नाही, तिथीची; अष्टमीला मेलेलं पाणी, पुनवेला-अवसेला उधाण. पाण्याला बांध दिला. बांधावर चिखल घेऊन धावणारी बाई दिली. यंत्राची आठवण, म्हणजे मेमरी, फारच थोडी, दोन मापं भरली की भांडं ओसंडलं. बाईला पदर द्यायचा तर झाडांची पानं काढावी लागत, झाडं ठेवायची तर बाईचे पाय आखूड करावे लागत. तिनं झाडं काढली. खाडीकाठी झाडं असतात कुठं?

पण ती बाई कोण होती, हे आजवर तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. गाडी नागोठण्याला थांबली, वडेवाल्यांचा गलका खिडक्यांना येऊन भिडला, आणि तिला एकाएकी दिसली ती तिची आय. जनी गडबची, भाताच्या घरातली. नम्रता सहा वर्षांची असताना मामाकडे होती, श्रावणाच्या उधाणात, आणि त्या वेळी बांधाला खांड पडली होती. घरटी एक माणूस बांधावर पाहिजे हा गावचा कायदा. मामा तापानं फणफणलेला, तर आय माहेरच्या नावानं गेली. कमरेला पदर खोचून, हातोहाती चिखलाचे गोळे देणाऱ्या रांगेत उभी राहिली. पोरगी दूर उंचवट्यावर. खाऱ्या पाण्याचा आवाज तिच्या पोटात अजून होता. फुसफुसत येतं ते, आधी बोटभर, मग हातभर. एकदा आत आलं की तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं रोप धरत नाही. आय नंतर जात्यावर बसली की म्हणायची,

खाऱ्या पाण्या रे पाहुण्या, नको येऊ माझ्या दारी
माझी साळ नाजूक पोर, तिला सोसंना चव खारी

दीड वर्ष नम्रतानं केलं होतं ते हेच, ही एवढी ओवी. आईची भीती तिनं ठिपक्याठिपक्यानं यंत्रात भरली होती आणि वर तिला नियम म्हटलं होतं : पाणी बाहेर तोवर जीत, पाणी आत आलं की हार. आणि शेजारी झोपलेल्या या माणसानं तीस वर्षं दर पुनवेला, दर अवसेला, धरमतरच्या खाडीवर मिठागराची उघाडी वर उचलून तेच पाणी आत बोलावलं होतं. त्या पाण्यावर ती वाढली. त्या पाण्यानं तिची पेणची फी भरली. मिठागरात पाणी भरलं की बा घरी येऊन पाय धुवायच्या आधी सांगायचा, "भरलं गो जने," आणि भाताच्या घरची आय, जिला त्या शब्दानं खरं तर कापरं भरायला हवं होतं, चुलीवर च्या ठेवायची. लग्नात धवलारणीनं, लग्नगाणी म्हणणाऱ्या बाईनं, गडबकरांची थट्टा केली होती, ती आत्या हौसा अजून म्हणून दाखवते :

कणगीच्या गो लेकीला, मिठाच्या राशीला दिली
आता रडून काय होतं, पुरी खारट झाली

हसण्यावारी नेलेलं गाणं. पण त्या हसण्यात एका बाईनं आपली सगळी भीती एका रात्रीत गिळून दुसऱ्या बाजूचं पाणी आपलं म्हटलं होतं. आणि शिकलेली लेक, सी भाषा येणारी लेक, तिला ते दीड वर्षात सुचलं नव्हतं. नम्रताचे कान गरम झाले. लाज होती ती, पण लाजेच्या बुडाशी दुसरंच काही हलत होतं, चिडीसारखं. या खेळाला हार-जीत पाहिजे असं तिला कुणी सांगितलं होतं? पुस्तकानं नाही. पुस्तकात फक्त चौकोन कसा सरकवायचा ते होतं. मग हरलात हे तिच्या बोटांतून आलं कुठून? गडबच्या वळणावर गाडी हिसकली, कान्हू जागा झाला. "आलं काय वडखळ नाक्याला?" "नाय बा, आजून गडबच." तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मी काय चुकीचा बटन दाबला काय गो? तुझ्या सायबापुढं तुजी इज्जत गेली आसंल." "तुमी नाय चुकलाव," ती म्हणाली. आणखी पुष्कळ होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. ते यंत्रालाच सांगावं लागणार होतं.

बुधवारी पहिल्या गाडीनं ती रोह्यात आली. अफिफा झाडू मारत होती. नम्रतानं चप्पलही न काढता सांगितलं, "मी ते 'हरलात' काढणार." अफिफा झाडू धरून तशीच उभी राहिली. "वेडी झालीस काय गो? उद्या भाय येनार, परवा त्याची बोट. चालनारी वस्तू मोडतेस?" "चालत नव्हती ती. फक्त तसं दिसत होतं." "आनि मोडलीन, नाय जुळली तर?" "तर नाय जुळली." अफिफानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि स्टूल पुढं सरकवलं. "बस मग. सकाळची बॅच मी घेते. पन सरांना तू सांगायचं, मी नाय."

तो अख्खा दिवस नम्रताच्या बोटांतून पाण्यासारखा गेला. पहिल्यांदा अक्षरं पुसली. एक ओळ, बस. दीड वर्षाचं सर्वांत सुबक काम एका ओळीसरशी गेलं आणि यंत्रात एकदम ऐसपैस जागा झाली. सामान हलवल्यावर घर वाटतं तशी. मग प्रश्न आला तो खरा : पाणी आत आलं, पडदा काळा नाही झाला, पुढं काय? पुस्तक गप्प होतं. तिनं डोळे मिटले, तर पायांना कळलं. लहानपणी मिठागराची तळजमीन तुडवायला बा तिला न्यायचा, ओल्या मातीवर सगळ्यांनी रांगेनं पाय मारायचे, दणदण, जमीन तव्यासारखी होईपर्यंत. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं येतं. तिनं बाईला पाय मारायला शिकवलं. घमेल्याची जागा कमी करून त्यात दोन पावलं बसवली. पाणी आटू लागलं तसा निळा रंग फिका करत नेला, आणि कडेनं, एकदम नाही, इथं एक तिथं एक, पांढरे ठिपके दिसू लागले. बांधही ठेवला, भातही ठेवलं. ज्याला राखायचं त्यानं राखावं. दुपारी दोनदा वीज गेली. दुसऱ्या वेळी तासाभराचं काम बुडालं, आणि तिनं ते पुन्हा केलं, दात आवळून, पहिल्यापेक्षा नेटकं. शिकायला म्हणून आणलेल्या यंत्रापाशी आपण शिकतोय असं तिला दीड वर्षात आज पहिल्यांदा वाटलं नाही. आज ती यंत्राला शिकवत होती.

संध्याकाळी हैबतरावांनी पाहिलं. खुर्चीत बसले, उघाडी उघडली, पाणी आलं, थांबले. "मग?" "मग पाय मारायचे, सर. मग मीठ." "जिंकलो कधी?" "जिंकायचं नाही." "हरायचं?" "तेही नाही." हैबतराव वाईट नव्हते. नोकरीवर त्यांनीच घेतली होती तिला, पेणच्या आगऱ्यांची पोर म्हणून नाक मुरडणाऱ्यांना दोन शब्द सुनावून. पण जाहिरातीचा कागद छापून तयार होता, रोह्यात तयार झालेला पहिला गेम, आणि खाली क्लासचं नाव. "नम्रता, हार-जीत नाही तर गेम कसला? बाहेरची माणसं हसतील. तुझे वडील चुकले, साधे आहेत, सोडून दे. त्यांच्यासाठी कुणी कायदा बदलतं काय?" "ते चुकले नाहीत." "बरं, नाही चुकले. कालचा गेम मी फ्लॉपीवर घेऊन ठेवलाय. उद्या खालिदला तोच जाईल." तिला वाटलं आपल्याला रडू येईल, पण आलं नाही. तळ पक्का झाला होता बहुतेक.

बेस्तरवारी अकराला खालिद आला. अत्तराचा वास, पायांत पांढरे बूट, आणि दारातूनच, "काय गो मास्तरीन, माझ्या डबड्याचं काय केलंस?" तो नवा खेळ खेळला. आधी त्यानं बांध राखला, जोशात, खलाशासारखा शिव्या देत. दोन उधाणं परतवली. तिसऱ्याला उघाडीशी थांबला. "हे उघडलं तर?" "उघडून बघ." त्यानं उघडली. पाणी आलं. तो हात मागं घेऊन बसला, काहीतरी भयंकर होईल म्हणून, झालं नाही. मग त्या बाईचे पाय वाजू लागले आणि तो पुढं वाकला. शेजारच्या खोलीत प्रिंटर करकरत होता, अफिफा काहीतरी छापत होती. पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा खालिदच्या तोंडून "आयला" निघालं. "मीठ हाय हे!"

हैबतरावांनी टेबलावर दोन फ्लॉप्या ठेवल्या. "खालिदभाई, ही हार-जीतवाली, आणि ही मॅडमची. यंत्र तुमचं, नेणार तुम्ही. तुम्हीच सांगा कुठली." खालिदनं डोकं खाजवलं. "मना काय समजतं सायेब? मी डबा आनला एवढंच. बनवली कुनी?" आणि नम्रताकडे बघून, "कंची नेऊ?" खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. नम्रता पुढं झाली. हार-जीतवाली फ्लॉपी तिनं उचलली, तिचं लोखंडी झाकण सरकवलं, आतली तपकिरी चकती, जी कधी कुणी बघत नाही, ती बोटानं धरली आणि ओढून बाहेर काढली. चुरगळली. मग दुसरी उचलून खालिदच्या हातात दिली. "ही. हीच माझी आहे. तिकडची माणसं हसली तर हसू देत. त्यांच्या खाडीला काय होतं ते त्यांनी करावं, आमच्या खाडीला हे होतं."

हैबतरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, आवाज न चढवता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं, "ती फ्लॉपी क्लासची होती. तुझी नोकरी आहे तशी राहील, शिकव. पण हा कॉम्प्युटर यापुढं या कामाला मिळणार नाही. यंत्र उचला इथनं." "उचलते," नम्रता म्हणाली. खालिद म्हणाला, "माझं डबडं आता तुझंच गो. मी घेऊन काय लोनचं घालू?" तिनं वायरी गुंडाळल्या, काळं यंत्र दुपट्ट्यात बांधलं. कॉम्प्युटरशिवाय ते मुकं होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ते कडेवर घेताना तिला ते जड वाटलं नाही. दाराशी अफिफा उभी होती, हातात छपाईच्या भोकाभोकांच्या कागदाची जाडजूड घडी, अजून गरम. "तुझा सगळा प्रोग्राम," ती कुजबुजली. "पहिल्या ओळीपासनं. सकाळपासनं तेच छापत होते. शाई संपली त्याची बोलनी मी खाईन, तू जा."

रोह्याच्या एसटी स्टँडवर बाकडं उन्हात तापलं होतं. नम्रता बसली, यंत्र शेजारी ठेवलं, कागदाची घडी मांडीवर उलगडली. पानंच्या पानं, तिचीच अक्षरं, पण कागदावर ती दुसऱ्या कुणाची तरी चिठ्ठी असावी तशी दिसत होती. वाचता वाचता ती उघाडीच्या ओळींपाशी आली आणि तिथं तिची नजर अडली. खालिद बांध राखत होता, बा उघाडी उघडत होता. दोघं एकदम आले तर? यंत्राला बटणांची खेळणी दोन लागतात. दुसरं भोक तिनं आजवर वापरलंच नव्हतं. एका बाजूला भात, एका बाजूला मीठ, दार एकच, आणि दोन माणसं त्या दाराशी. दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. त्यांना यंत्र काय सांगणार? त्यांचं त्यांनाच बोलावं लागेल, खेळताना, तोंडानं, भांडून, हसून. तिनं पर्समधून पेन काढलं आणि छापील ओळींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत लिहायला लागली, दुसऱ्या माणसाची पहिली ओळ. कॉम्प्युटर नव्हता. मिळेल कुठंतरी, पेणला, अलिबागला. नाही मिळाला तोवर कागद होता. पेणची गाडी लागली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "पेन, पेन, वडखळ, पेन! ओ ताई, येताय काय?" तिनं मान वर न करता हात हलवला, जा म्हणून, आणि पुढची ओळ धरली.